केज ते धारूर, परळीमार्गे : पिकअपचे पाटे आणि आप्पांची भाऊबीज

केजहून धारूर जेमतेम पंचवीस किलोमीटर. जीपवाला सवाऱ्या कोंबून, वाटेत एकदा चहा पिऊनही तासाभरात सोडतो. आम्हाला दोन दिवस लागले. आम्ही परळीमार्गे गेलो, आणि त्यातली एक अख्खी दुपार आमची पिकअप मागची चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. तरी सांगतो, इतका चांगला प्रवास आमच्या घरात आजवर झालेला नाही. ज्यांना पिकअपवर राहायची खोली बसवून फिरायचं आहे, त्यांनी पाट्यांचा भाग नीट वाचावा. बाकीच्यांनी फराळ खात खात वाचलं तरी चालेल.

आधी कशासाठी गेलो ते. माझं केजला भांड्यांचं दुकान आहे. घरात मी, बायको सुनंदा आणि माझे वडील, म्हणजे आप्पा. वय ऐंशी. रोज सकाळी कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढतात आणि दुकानात येऊन माझ्या चुका काढतात. त्यांची धाकटी बहीण, नर्मदाआत्या, धारूरला असते. आप्पा चार वर्षं तिच्याकडे भाऊबीजेला गेले नव्हते. पहिल्या वर्षी म्हणाले, दुकानात गर्दी आहे. दुसऱ्या वर्षी कंबर. तिसऱ्या वर्षी काही सांगितलंच नाही. मागच्या वर्षी मात्र कोट घालून, टोपी चढवून जीपमध्ये बसले, गावाबाहेरच्या पंपापर्यंत गेले आणि चष्मा घरी राहिला म्हणून उतरून परत आले. चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

मला वाटलं म्हातारा हट्टी झाला. सुनंदा म्हणाली, "तसं काही न्हाई. त्यांला दर पाऊण तासाला जावं लागतं. रस्त्याच्या कडेला उभं राहायची लाज वाटते, आणि गाडी थांबवा म्हणायची त्याच्याहून जास्त लाज वाटते. एवढंच हाय."

डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. गोळ्यांनी अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला होता, त्यापुढे गाडी सरकत नव्हती.

आमच्याकडे माल आणायला एक जुनी डबल केबिनची पिकअप आहे. पुढे पाच माणसं बसतात, मागे हौदा. त्याच सुमारास मला मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ बघायचं वेड लागलं होतं. पिकअपच्या हौद्यात सुटी खोली बसवायची, आत पलंग, शेगडी, संडास, आणि निघायचं. मी ठरवलं, आपण करायची. पुढच्या भाऊबीजेला आप्पा स्वतःचा संडास घेऊन धारूरला जातील.

तीन महिने लागले. लोखंडी सांगाडा, वरून पत्रा, आतून प्लायवूड. इथपर्यंत ठीक होतं. पण घराचं स्वयंपाकघर केलं तेव्हाचा ग्रॅनाइटचा एक तुकडा परसात पडून होता, तो सुनंदाने ओट्याला लावायला सांगितला. पाण्याची टाकी मी दोनशे लिटरची, जाड स्टेनलेस स्टीलची घेतली, कारण भांड्याच्या दुकानदाराने प्लॅस्टिकची टाकी लावली तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. कमोड घरासारखाच, चिनी मातीचा, खाली मैला साठवायला पिंप. आणि नळकाम सगळं एका जागी असावं म्हणून ओटा, टाकी आणि कमोड ही तिन्ही मी पार मागच्या टोकाला, दाराजवळ लावली. ही चूक लक्षात ठेवा.

खोली चेन-पुलीने उचलून हौद्यात ठेवली, चार जागी बोल्टांनी आवळली आणि टाकीत पाणी सोडलं. जसजशी टाकी भरत गेली तसतशी गाडी मागून बसत गेली आणि शेवटी दारातलं कुत्रं बसतं तशी बसली. पुढचे दिवे आभाळाकडे. आप्पा बाहेर येऊन बघून गेले. "चांदण्या मोजायला निघाली वाटतं," एवढंच म्हणाले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची चवड असते. त्यांना पाटे म्हणतात. मागचं सगळं ओझं त्यांच्यावर. गाडी बसली की कुणीही सांगतं, पाटे वाढवा. आमच्या ओळखीच्या एका गॅरेजवाल्यानेही तेच केलं. कुठल्याशा मोडीत निघालेल्या ट्रकचे दोन जाडजूड पाटे दोन्ही बाजूंना घातले, जुनेच बोल्ट आवळले आणि गाडी एकदम सरळ झाली. मी तिचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. आत्यालाही पाठवला. तिने फोन करून विचारलं की एवढ्या मोठ्या पेटीत काय आणताय. मी म्हटलं, भाऊ आणतोय. तेव्हा ती म्हणाली, मग येताना परळीच्या वैजनाथाचा प्रसाद आणा, लई वर्षं झाली जाऊन.

म्हणून परळीमार्गे. पाडव्याला निघायचं, परळीत मुक्काम, भाऊबीजेला सिरसाळा, तेलगाव आणि घाट चढून धारूर.

पाडव्याला पहाटे सुनंदाने मला ओवाळलं आणि सात वाजता आम्ही निघालो. आप्पा माझ्या शेजारी, कोट-टोपीत. सुनंदा मागच्या सीटवर फराळाचे डबे मांडीवर घेऊन. गावातल्या पहिल्याच गतिरोधकावर काय झालं ते सांगतो. मागून असा दणका बसला की आप्पांची टोपी माझ्या मांडीवर आली आणि चिवड्याचं झाकण उडालं. मी म्हटलं, नवीन पाटे आहेत, बसतील हळूहळू. पाटे काही बसले नाहीत. रस्ता चांगला होता, पण चांगल्या रस्त्यावरचा प्रत्येक सांधा आम्हाला मणक्यात मोजता येत होता.

विसाव्या मिनिटाला आप्पांनी खिडकीबाहेर बघत घसा खाकरला. मी गाडी बाजूला घेतली. ते उतरले, मागच्या लोखंडी पायरीवरून चढले, दार लावलं. मी आणि सुनंदा शेताकडे तोंड करून तुरीचं पीक कसं आहे यावर बोलत राहिलो. आप्पा बाहेर आले, हात धुतले, रुमालाने पुसले आणि म्हणाले, "बरी हाय खोली." आप्पांच्या तोंडून याच्या वरचं कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही. माझी छाती फुगली.

पण पुढचा थांबा पंधरा मिनिटांनी आला. मग दहा. अंबाजोगाईपर्यंत आम्ही सहा वेळा थांबलो. अंबाजोगाईत एका हॉटेलात गरम सुशीला खाल्ली. (ज्यांना माहीत नाही त्यांनी जाऊन खा. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, वरून दाण्याचं कूट. दोन प्लेटी आणि चहा धरून शंभराच्या आत.) आप्पांनी चहा घेतला नाही. पाणीसुद्धा घेतलं नाही. कप माझ्याकडे सरकवून म्हणाले, माघारी जाऊ. नर्मदेला सांगू गाडी बिघडली.

मी काही बोलणार तेवढ्यात सुनंदा म्हणाली की आप्पा, तुमचं काही चुकत नाही, ह्या गाडीच्या दणक्यांनी मलाही दोनदा जावं लागलंय. आप्पांनी तिच्याकडे बघितलं. ती खरोखरच दोनदा गेली होती. ते ऐकून आप्पा उठले आणि गाडीत जाऊन बसले. मग तिने मला बाजूला घेऊन सांगितलं की हे पाटे नीट झाले नाहीत तर हा माणूस पुन्हा घराबाहेर पडणार नाही. मलाही ते कळत होतं. फक्त काय करायचं ते कळत नव्हतं.

ते गाडीनेच ठरवलं. परळीच्या अलीकडच्या उतारावर मागून एक टण्णकन आवाज आला आणि गाडी तिरपी चालायला लागली. म्हणजे तोंड रस्त्याकडे आणि ढुंगण शेताकडे. मी स्टिअरिंग एका बाजूला ओढून धरून सरळ जात होतो. मागून राखेचा एक टिपर आला, बाजूने हळू झाला आणि ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून सांगितलं की काका, तुमचं डावीकडचं मागचं चाक पुढं सरकलंय, पाट्यांना धरणारा मधला बोल्ट तुटला असंल, अजिबात पळवू नका. मग त्यानेच पत्ता दिला. परळीत औष्णिक केंद्राच्या राखेचे टिपर रात्रंदिवस चालतात, त्यांचे पाटे सारखे तुटतात, त्यामुळे पाट्यांचं काम जाणणारी माणसं इथे आहेत. त्यातला बब्रुवान मिस्त्री लई कडक, पण काम सोडून दुसरं काही बोलत न्हाई, असं त्याचं म्हणणं. उरलेलं अंतर आम्ही बैलगाडीच्या वेगाने काटलं.

बब्रुवान मिस्त्री साठीचा, उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस. वर्कशॉपच्या मागेच घर. आम्ही पोचलो तेव्हा तो नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टात, कपाळाला कुंकू लावून ओसरीवर बसला होता. नुकतंच बायकोने ओवाळलं होतं. त्याने बसल्या जागेवरून गाडी बघितली, मान वाकडी केली आणि सांगितलं की आज पाडवा हाय, आज लोखंडाला हात लावत न्हाई, उद्या बी न्हाई, परवा या.

मी विनंत्या केल्या. दुप्पट मजुरी देतो म्हटलं, त्यावर त्याने तोंडच फिरवलं. एवढ्यात आप्पांना घाई झाली. ते उतरले, कुणाकडे न बघता मागे गेले, पायरी चढले, दार लावलं. पाण्याचा आवाज आला. मिस्त्री उभा राहिला.

"ह्याच्यात मोरी हाय का?" त्याने मला विचारलं.

मी म्हटलं, संडास आहे. आप्पा बाहेर आले तेव्हा मिस्त्री त्यांच्यासमोर जाऊन उभा होता. त्याने नमस्कार केला आणि कुठं निघालात म्हणून विचारलं. आप्पा परक्या माणसाशी या विषयावर बोलतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. पण ते दमले होते, आणि बहुतेक लाजायलाही त्यांच्यात जोर उरला नव्हता.

"बहिणीकडं. धारूरला," ते म्हणाले. "चार वर्षं झाली, तिच्या हातनं ओवाळून घेतलं न्हाई. हे असं घडीघडीला जावं लागतं. म्हणून पोरानं ही खोली केली. आता ती बी मोडली."

मिस्त्रीने पांढऱ्या शर्टाची बटणं काढायला सुरुवात केली. मग बायकोला हाक मारून म्हणाला, "जुना शर्ट दे."

आता पाट्यांचा भाग. नीट वाचा.

मला वाटलं तो लगेच गाडीखाली जाईल. तो गेला नाही. त्याने मला खोलीत नेलं आणि काय काय, कुठं कुठं ठेवलंय ते डॉक्टरसारखं विचारलं. मग समोरच्या वजनकाट्यावर गाडी न्यायला लावली. काटेवाला सणाचा सुस्तावला होता, त्याला उठवलं. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. मिस्त्रीने आकडे ऐकले आणि सांगितलं की पुढच्या चाकांवर पाहिजे त्याच्या निम्मंच वजन हाय. अशा गाडीने मी घाट चढलो असतो तर पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवत राहिली असती आणि स्टिअरिंग फिरवून गाडी वळली नसती. उद्या धारूरचा घाट मी ह्याच गाडीने, बापाला शेजारी बसवून चढणार होतो.

त्याचं म्हणणं असं. गाडी बसली होती ती पाटे कमी होते म्हणून नाही, ओझं ॲक्सलच्या मागं लटकत होतं म्हणून. त्यावर जाड पाटे घातले की गाडी दिसायला सरळ होते, पण दुखणं तिथंच राहतं, वर दणके सुरू होतात. आणि जास्तीच्या पाट्यांना जुना मधला बोल्ट आखूड पडतो, ओढून बसवला की तुटतो. तसा तुटला होता.

सुनंदा दुकानात तराजूवर बसते. तिला हे माझ्या आधी कळलं. ती म्हणाली, म्हणजे टाकी पुढं घ्यायची आणि ओटा काढायचा. मिस्त्रीने माझ्याकडे बघून विचारलं, "मग ह्यांना कावून विचारलं न्हाई आधी?" मी पाना उचलून टाकीचे बोल्ट सोडायला लागलो.

टाकी रिकामी करून केबिनच्या पाठीला लागून, ॲक्सलच्या पुढे बसवली आणि कमोडपर्यंत लांब नळी टाकली. ग्रॅनाइटचा ओटा उपटला. सुनंदाने तो मिस्त्रीच्या बायकोला दिला. तिने तो दोन पिंपांवर ठेवून लगेच त्यावर आमच्यासाठी पोळ्या लाटल्या. मग चाकं निघाली, गाडी ठोकळ्यांवर गेली आणि दोन्ही बाजूंचे पाटे बाहेर आले. ट्रकचे जाड पाटे मिस्त्रीने कोपऱ्यात भिरकावले. मूळचे पाटे ओझ्याने सपाट झाले होते, त्यांना त्याने घणाने ठोकून ठोकून पुन्हा कमान दिली. सणाच्या दिवशी गल्लीभर तो आवाज. दोन शेजारी बघायला आले आणि अनारसे खात बसले. त्याने एकेक बारीक पाटा वाढवला आणि सगळ्यात खाली एकेक आखूड, सरळ पाटा घातला. हा खालचा पाटा एरवी नुसता असतो, गाडी जास्तच दबली तरच कामाला लागतो. मधले बोल्ट नवे, पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्टही नवे. जुने पुन्हा लावायचे नसतात, हे त्याने मला तीनदा सांगितलं, म्हणून मी तुम्हाला एकदा सांगतो.

पाणी भरलं. गाडी मागून दोन बोटं उंच राहिली. मिस्त्री म्हणाला, आता चालवून बघायची, आणि आप्पांना शेजारी बसवून स्वतः स्टेशन रोडवर घेऊन गेला. मला नेलं नाही. परत आल्यावर त्यांचं काय बोलणं चाललंय ते मी जवळ जाऊन ऐकलं. मिस्त्री विचारत होता की दणका पाठीत बसतो का पोटात. आप्पा डोळे मिटून विचार करून म्हणाले, पोटात, पण थोडा. मिस्त्रीने दोन्ही बाजूंचा वाढवलेला बारीक पाटा काढून टाकला, चाकांची हवा जराशी कमी केली आणि पुन्हा फेरी मारली. असं काही ना काही बदलत तीन फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत ते दोघं खूप वेळ आले नाहीत. मी घाबरलो. शेवटी कळलं की ते चहा प्यायला थांबले होते. आप्पा दोन कप प्यायले होते.

सगळं मिळून सहा हजार झाले, बोल्ट-पाट्यांसकट. दुप्पट मजुरीचा विषय मी पुन्हा काढला नाही.

त्या दिवशी मुक्काम मिस्त्रीच्या वर्कशॉपसमोरच केला. सकाळी दर्शन. सणामुळे रांग मोठी होती आणि पायऱ्या चढणं आप्पांना जमणारं नव्हतं, म्हणून त्यांनी पायथ्याशीच कळसाला हात जोडले आणि सुनंदा वर जाऊन बेल आणि प्रसाद घेऊन आली. तुम्ही गेलात तर सकाळी लवकर जा, गाडी लांब लावा.

परळी सोडली तेव्हा साडेनऊ झाले होते. सिरसाळ्याचा रस्ता काही ठिकाणी फार खराब आहे. मी प्रत्येक खड्ड्याला श्वास रोखून धरत होतो. गाडी खाली जायची, हळूच वर यायची, आणि आप्पा खिडकीतून कुणाच्या शेतात काय आहे ते सांगत राहायचे. पाऊण तास झाला. मी घड्याळाकडे बघितलं. तास झाला. आरशात सुनंदाने मला खूण केली, बोलू नको. एक तास दहा मिनिटांनी आप्पा म्हणाले, "काय बघता माझ्याकडं दोघं? चालव की."

तेलगावला एकदा थांबून, जेवून आम्ही दुपारी उशिरा घाटाला लागलो. धारूरचा घाट अरुंद आहे, वळणं जवळजवळ आहेत, मोठ्या गाड्यांना जागा देत देत जावं लागतं. पण पुढची चाकं रस्ता धरून होती, स्टिअरिंग सांगेल तसं ऐकत होतं. निम्मा घाट चढलो आणि रांग लागली. वर एका वळणावर उसाच्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली आडवी झाली होती. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना.

आमच्या पुढे एसटी होती, भाऊबीजेला निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली. मागे दोन जीपा. अर्ध्या तासाने पुरुष उतरून दगडांआड जाऊन आले. बायका बसून होत्या. एका बाजूला कडा आणि एका बाजूला दरी, जाणार कुठं? तेवढ्यात आप्पा मागे जाऊन आले आणि एसटीच्या खिडकीतून एका म्हातारीने ते बघितलं. ती काठी टेकत सुनंदाकडे आली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. सुनंदाने दार उघडून दिलं.

पाच मिनिटांत रांग लागली. पोटुशी बाई, लहान पोरी, नऊवारीतल्या आज्या, कॉलेजच्या मुली, शेवटी एसटीची कंडक्टरीणबाई. सुनंदा म्हणाली की एवढ्या बायांना नळाची चावी कशी फिरवायची ते सांगणार कोण, मी एसटीवाल्यांकडून पाणी आणायला चालले. तेव्हा आप्पा पुढे झाले. घरात या विषयाचं नाव काढलं की खोली सोडून जाणारा माझा बाप कोट-टोपीत पायरीशी उभा राहिला आणि प्रत्येकीला सांगायला लागला की बाई, आधी उजवी चावी, मग डावी, पाणी बेतानं, कडी नीट लावा, घाई करू नका. हे सांगताना तो दरीकडे बघत होता. मध्येच एकीने विचारलं, तुमची हाय का ही गाडी. आप्पा म्हणाले, "माझ्यासाठीच केलीय."

दीडेक तासाने ट्रॉली सरळ झाली. तोपर्यंत टाकी तळाला गेली होती आणि खालचं पिंप भरत आलं होतं. (ते पिंप मी नंतर केजला घरच्या सेप्टिक टाकीत रिकामं केलं. रस्त्यात कुठंही सोडू नका.) बायांनी जाताना आमच्या केबिनमध्ये सीताफळं, करंज्या, एक नारळ आणि ओवाळणीचं एक जास्तीचं तबक ठेवलं. घाटाच्या वर आप्पांनी स्वतःहून सांगितलं की हवेत गारवा आहे, खिडकी उघड.

धारूरला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याजवळच्या गल्लीत आत्याचं घर आहे. गल्ली एवढी अरुंद की खोली दोन्हीकडच्या ओट्यांना घासली असती. गाडी तोंडाशीच लावली. आत्या भिंतीला धरून हळूहळू चालत आली. शेजारणी पाट घेऊन आल्या. आप्पांना रस्त्यातच पाटावर बसवलं, आत्याने ओवाळलं. वाऱ्याने निरांजन दोनदा विझलं. आप्पांनी ताटात ओवाळणी टाकली आणि वैजनाथाचा प्रसाद तिच्या हातात दिला.

मग तिचं लक्ष मागच्या पेटीकडे गेलं. तिने विचारलं आणि मी अभिमानाने सगळं सांगितलं, पलंग, शेगडी, टाकी, कमोड. कमोड म्हटल्यावर ती थबकली.

"दादा, ह्याच्यात संडास हाय?"

"हाय," आप्पा म्हणाले.

"तुझ्यासाठी केलाय?"

आप्पांनी मान हलवली.

आत्या पायरीशी गेली, आत वाकून बघितलं आणि तशीच वळून म्हणाली, "मग मला कावून न्हाई सांगितलंस चार वर्षं? मी बी त्याच्याच पायी कुठं जात न्हाई. भावजईच्या वर्षश्राद्धाला आले न्हाई, ते काय गुडघ्यामुळं आले न्हाई व्हय?"

तिने आम्हाला गुडघे सांगितले होते. माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला आत्या आली नाही म्हणून आप्पा मनातून दुखावले होते आणि त्याचा शब्दही त्यांनी कधी काढला नव्हता. आता ते पाटावरून उठले, टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "चल, चावी कशी फिरवायची दाखवतो." दोघं भाऊबहीण त्या लोखंडी पायरीवरून चढून आत गेली आणि बराच वेळ आतून त्यांच्या हसण्याचा आवाज येत राहिला. सुनंदा डोळे पुसत शेजारणींना करंज्या वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आत्या आमच्याबरोबर केजला आली. पंचवीस किलोमीटरला अडीच तास लागले, कारण दोघांच्या वेळा एकमेकांशी जुळत नव्हत्या. ती आठ दिवस राहिली आणि आप्पांच्या बरोबर दुकानात बसून माझ्या चुका काढत होती. मग मी तिला सोडून आलो.

खोली आता उतरवून परसात ठेवली आहे. पिकअप पुन्हा भांडी आणते. रिकामी असते तेव्हा जरा उडते, पण मिस्त्रीने तेही आधीच सांगितलं होतं. खर्च बघितला तर एवढ्या पैशांत धारूरच्या कितीतरी भाऊबीजा झाल्या असत्या, असं मला एकजण म्हणाला. मी हिशेब सांगत बसलो नाही. मला जे डाचतं ते वेगळंच आहे. चार वर्षं मी बापाला हट्टी म्हणत होतो आणि तो आपल्या बहिणीला निष्ठुर समजत होता. आणि सगळ्यांनी मिळून गुडघे, कंबर, चष्मा असं काहीबाही सांगून वेळ काढला.

दिवाळीनंतर आप्पांच्या वयाची तीन माणसं दुकानात येऊन गेली. वेगवेगळ्या दिवशी, दुकानात दुसरं कुणी नसताना. एकाची लेक लातूरला असते, एकाचा नातू पुण्यात, एकाला फक्त तुळजापूरला जायचंय. तिघांनीही आधी पाट्यांचीच चौकशी केली. किती घातले, कुणी घातले, दणका बसतो का. मी पाटे नीट समजावून सांगितले. मग प्रत्येकजण वाट्या-पेले हातात घेऊन उलटसुलट करून बघत उभा राहिला. मी प्रत्येकाला आपणहून सांगितलं, खोली परसात रिकामीच आहे, कधी न्यायची ते बोला. दर वेळी सुनंदा आतून चहा घेऊन आली.